सामाईक बाथरूमचा मजला

रविवार, रात्र

पुढच्या वर्षीच्या वसतिगृहाच्या खोल्यांचे अर्ज सुरू झालेत आणि मजल्यावर दुसरा विषयच नाही. कॅम्पसच्या पलीकडच्या टोकाला अपार्टमेंट पद्धतीची नवी इमारत झाली आहे. तिथे प्रत्येकीला वेगळी खोली, चौघींत दोन बाथरूम, स्वतःचं स्वयंपाकघर. आमचा हॉल जुन्या पठडीतला: लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना दोघी-दोघींच्या खोल्या, मध्ये एक लाउंज आणि टोकाला सगळ्यांचं मिळून एक बाथरूम. बऱ्याच जणी निघायच्या बेतात आहेत. मी इथेच राहायचं ठरवलंय.

आमचा मजला पर्यावरणाचा. खालचा परदेशी भाषांचा, वरचा इंजिनीअरिंगचा. प्रवेश पक्का झाला की अर्जात थीम निवडायची, ती का हवी ते थोडक्यात लिहायचं, मग एका थीमची मुलं एका मजल्यावर. पहिल्या सत्रात एक सेमिनार सगळ्यांना सामाईक असतो. आमचा तळमजल्यावरच्या वर्गात भरतो, त्यामुळे थंडीतही चपला घालूनच खाली जाता येतं. माहितीपत्रकात हे सगळं छान छापलेलं आहे. पण मजल्याचा खरा सेमिनार सिंकपाशी भरतो, आणि त्याबद्दल त्यात एक ओळही नाही.

मागच्या आठवड्यात वर्गात कार्बन करावर, म्हणजे पेट्रोल-कोळशासारख्या इंधनांवर त्यांच्या प्रदूषणाप्रमाणे लावायच्या करावर, चर्चा झाली. सगळ्यांचं एकमत, तास वेळेआधीच आटोपला. रात्री दात घासताना शेजारच्या खोलीतली मुलगी तोंडात ब्रश तसाच ठेवून म्हणाली, "आमच्याकडे किराणा आणायचा तरी पाऊण तास गाडी हाकावी लागते. बस नाही, काही नाही. पेट्रोल महागलं तर माझी आई काय करेल?" ती शेतकरी कुटुंबातली, वर्गात फारसं बोलत नाही. अर्थशास्त्रवाली तोंड धुता धुता थांबली. कराचा पैसा घराघरांत परत वाटला तर काय होईल, हे ती आरशावर साचलेल्या वाफेवर बोटाने आकडे मांडून समजावू लागली. शॉवरमधून कुणीतरी ओरडून विचारलं की वाटप माणशी करायचं की अंतराप्रमाणे. पुढच्या तासाला हाच वाद वर्गात आला. त्या दिवशी मात्र वेळ संपली तरी कुणी जागचं उठेना.

नव्या इमारतीत ही मुलगी दार लावून आपल्या बाथरूममध्ये दात घासेल. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. थीम माणसांना एका मजल्यावर आणते, पण त्यांची रोज गाठ घालून देतो तो पॅसेज. खोली लहान म्हणून आपण लाउंजमध्ये बसतो, बाथरूम लांब म्हणून वाटेतल्या उघड्या दारांत डोकावतो. गैरसोयी आहेतच. एकीला सर्दी झाली की मजलाभर फिरते, आणि शांततेच्या वेळा पाळायला लावताना आमच्या आरएची (मजल्याची जबाबदारी असलेल्या सीनियर विद्यार्थिनीची) दमछाक होते. तरी मी हीच इमारत निवडेन.

एकत्र राहून शिकायची ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर मिकलजॉन यांनी १९२७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात एक्स्परिमेंटल कॉलेज सुरू केलं. मुलं अ‍ॅडम्स हॉलमध्ये राहायची आणि शिकवणाऱ्यांच्या खोल्याही त्याच इमारतीत. पहिलं वर्ष प्राचीन अथेन्सचा अभ्यास, दुसरं वर्ष आपल्या काळातल्या अमेरिकेचा. १९३२ मध्ये ते बंद पडलं. प्रवेश फक्त मुलग्यांना होता, हे वाचून मला वाईट वाटलं. पण राहायची जागा आणि शिकायची जागा वेगळी का असावी, हा त्यांचा प्रश्न आज आमच्या पॅसेजमध्ये रोज समोर येतो.

दुपारी कचऱ्याची मोजणी केली. लाउंजमध्ये ताडपत्री अंथरली, हातमोजे चढवले आणि मजल्याच्या सगळ्या पिशव्या उपड्या केल्या. केळ्याच्या साली, पिझ्झाचे तेलकट खोके, मोजे, कोरी पाठ असलेले छापील कागद. ढीग लावून एकेक वजन केलं. डोळ्यांत भरला तो कॉफीच्या कपांचा ढीग. एक कप मी फाडून पाहिला. आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटून आला, ओला, पारदर्शक, नखाला चिकटणारा. हाच पापुद्रा कागदापासून सोडवणं अवघड, म्हणून हे कप साध्या कागदाच्या रद्दीत चालत नाहीत. आम्ही मात्र ते सगळे रद्दीच्या निळ्या डब्यात टाकत होतो, आणि तेही पर्यावरणाच्या मजल्यावर.

सूचनांची यादी सुरू झाली: दारांवर पाट्या लावू, नवे डबे मागवू. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतली मुलगी बोलली. तिने ही थीम केवळ हॉल तिच्या प्रयोगशाळेजवळ आहे म्हणून घेतली, हे ती पहिल्या दिवसापासून उघड सांगते. काहींना ते खटकतं. मला वाटतं, अशी एखादी मजल्यावर असायलाच हवी, नाहीतर आम्ही सगळ्या एकमेकींना माना डोलावत बसू. ती म्हणाली, "डायनिंग हॉलमधून कॉफी बाहेर न्यायची तर या कपाशिवाय दुसरं काही मिळतच नाही. मग पाट्या आपल्या दारांवर कशाला?"

क्षणभर कुणाला उत्तर सुचेना. मग ताडपत्रीशेजारी बसूनच आम्ही पत्राचा मसुदा केला. गुरुवारी डायनिंगच्या व्यवस्थापकांनी वेळ दिली आहे. मागणी दोन गोष्टींची: धुऊन पुन्हा वापरता येणारे कप ठेवा आणि स्वतःचा कप आणणाऱ्याला तो भरून द्या. वजनाचे आकडे मी वाचणार, बोलणार ती. भाषांच्या मजल्यालाही सामील व्हायचंय, त्यांचा कचरा बुधवारी मोजायचा. ताडपत्री धुऊन वाळत घातली आहे.