माउली, खाली बघू नका

दिंडीची भिशी भरली तेव्हा वाटलं होतं, चालायचं एवढंच काम. तुकोबांची पालखी देहूहून निघाली, पुणं मागं पडलं, यवत-वरवंड करत बारामती आली. तोवर पायाचे फोड फुटून वाळलेसुद्धा. चालण्याचं जमलं होतं. पावलीचं काही केल्या जमेना.

गळ्यात टाळांची दोरी, पखवाजाच्या ठेक्यावर दोन पावलं पुढं, एक मागं. सांगायला सोपं. मी टाळ सांभाळला की पाय चुकायचा आणि पाय सांभाळला की शेजारच्याच्या अंगावर जायचो. "माउली, खाली बघू नका," परभणीकडचे एक बाबा रोज सांगायचे, "पखवाज ऐका. पाय आपसूक पडत्यात." त्यांचे पडायचे.

बारामतीहून सणसरच्या मुक्कामाला जाताना काटेवाडी लागते. तिथं गावकऱ्यांचं स्वागत म्हणजे हार-नारळ नव्हे. पालखी रथातून उतरवून खांद्यावर घेतात आणि परीट समाजाची मंडळी तिच्यापुढं धोतरांच्या पायघड्या घालतात. पांढरीशुभ्र, घडीची धोतरं. दरवर्षीचा मान आहे तो. माझ्या चिखलाच्या चपला बघून मी आपला कडेकडेनं गेलो.

विसावा झाला, भाकरी-पिठलं झालं, आणि मग रथाभोवती मेंढ्या आणल्या. हे मी फक्त ऐकून होतो. मेंढरांना रोगराई होऊ नये म्हणून मेंढपाळ त्यांना तुकोबांच्या रथाभोवती पळवतात. मेंढ्यांना अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढी माणसं बघून त्या एकमेकींत डोकी खुपसून उभ्या राहिल्या. शेवटी फेटेवाल्या एका आजोबांनी पुढची मेंढी कानाला धरून ओढली, तोंडानं 'हुर्र' केलं, आणि ती सुटली तसा सगळा कळप तिच्या मागं. ओल्या लोकरीचा वास, धूळ, पखवाज आणि "ज्ञानोबा-तुकाराम"चा गजर. मोबाइल वर धरलेल्या हातांमुळे मागच्या बायकांना काही दिसेना. त्यांनी तो नाद सोडला आणि जागच्या जागी फुगड्या धरल्या. साठीतल्या एकीची चप्पल भिरभिरत माझ्या पायाशी आली.

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "बघा, मेंढराला जमतंय."

सणसरला पोचेपर्यंत अंधारून आलं. तंबूत पोळ्यांची कणीक मळणं चाललं होतं. आमचा पखवाजी तिथं जाऊन उभा राहिला. "मावशी, लिंबाएवढी द्या." पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक थापल्याशिवाय त्याचा आवाज भरत नाही. मावशी म्हणाल्या, "तुमचा पखवाज आमच्यापेक्षा जास्त जेवतो." तरी दिली. त्यानं ती पाण्याच्या बोटांनी पसरली, एक थाप मारली, मान हलवली, चिमूटभर काढून टाकली, पुन्हा थाप. आता घुमला.

हरिपाठानंतर पावली सुरू झाली. मी बाबांच्या मागं उभा राहिलो. त्यांच्या टोपीकडं बघत टाळ वाजवत राहिलो. आठ-दहा पावलं बिनचूक पडली असावीत, कारण शेजारचा ओरडला नाही.

मग मी खाली बघितलं.