अपघाताची वेळच कुठे लिहिलेली नव्हती: आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये सामील होतानाचा माझा अनुभव

मी मूळची कॅज्युअल्टीची सिस्टर, आता रिसर्च कोऑर्डिनेटर. अपघातातल्या रक्तस्रावावरच्या एका बहुदेशीय ट्रायलमध्ये आमचं हॉस्पिटल सामील झालं तेव्हा सगळी कागदपत्रं माझ्याकडेच होती.

सुरुवात फीजिबिलिटी फॉर्मपासून झाली, म्हणजे आमच्या हॉस्पिटलला ही ट्रायल जमेल का ते तपासणाऱ्या फॉर्मपासून. त्यात विचारलं होतं की असे पेशंट वर्षाला किती येतात आणि त्यातले दुखापतीनंतर तीन तासांच्या आत किती पोचतात. मी जुनी रजिस्टरं काढून बसले आणि बघते तर काय, पेशंट आणल्याची वेळ प्रत्येक पानावर आहे पण अपघात कधी झाला ते जवळजवळ कुठेच नाही! खूप वाईट वाटलं, कारण त्या एंट्र्या मीच इतकी वर्षं करत होते. आणि या विषयात खरी किंमत त्याच वेळेला आहे. याच विषयावर आधी झालेल्या क्रॅश-२ ट्रायलमध्ये ४० देशांतल्या २७४ हॉस्पिटलांनी मिळून २०,२११ पेशंट घेतले, २०१० ला निकाल आला की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाने मृत्यू कमी होतात, मग २०११ च्या विश्लेषणात दिसलं की हे औषध लवकर दिलं तरच फायदा, तीन तास उलटल्यावर दिलं तर रक्तस्रावाने मृत्यूचा धोका उलट वाढतो असं दिसतं. एवढे पेशंट एकट्या हॉस्पिटलला कधी मिळणार? म्हणून तर एकत्र यायचं.

रजिस्टरमध्ये नवा कॉलम आखला. फॉर्म पाठवताना जे खरं होतं तेच लिहिलं, आकडा फुगवला नाही. हे मी सगळ्यांना सांगते, कारण नंतर पेशंट मिळाले नाहीत की साइट, म्हणजे त्या हॉस्पिटलमधलं ट्रायलचं काम, बंद होते.

एथिक्स कमिटीत खूप वेळ गेला, पण तो जायलाच हवा होता. पेशंट बेशुद्ध असेल तर संमती कोण देणार, शुद्धीवर आल्यावर त्याला परत विचारणार का, डेटा नाव काढून पाठवणार का, सगळं विचारलं. कमिटीतल्या एक बाई डॉक्टर नव्हत्या, त्या म्हणाल्या, "रडणाऱ्या माणसाला हा कागद वाचता येईल का?" आम्ही माहितीपत्रक पुन्हा साध्या भाषेत लिहिलं.

करार वकिलांकडे अडकला, मग सुटला. सगळ्यांचं जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल नीट चालवायचे नियम) ट्रेनिंग झालं. ट्रायलच्या नोंदी तपासायला येणाऱ्या मॉनिटर मॅडमनी टेबलावरचा व्हाइटनर उचलून बाजूला ठेवला, म्हणाल्या चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख.

पहिला पेशंट रात्री आला. अपघात कधी झाला हे भावाला सांगता येईना, तेव्हा आमच्या वॉर्डबॉयने त्याला फोनवरचा कॉल बघायला सांगितलं. पहिला कॉल १०:१२ चा. तीच वेळ "अंदाजे" म्हणून लिहिली, शेजारी फोनवरून घेतल्याची नोंद केली, भावाला कागद वाचून दाखवला, त्याने सही केली आणि ११:२० ला ड्रिप सुरू झाली.