लिंकनचे हुकूम आणि वॉशिंग्टनचे रस्ते

व्हाइट हाउसच्या पश्चिमेला, पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू आणि सतराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आज आयझेनहॉवर कार्यालयाची करडी, खांबांनी गच्च भरलेली इमारत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध बंड केलेली दक्षिणेची राज्यं) इथे युद्ध खात्याची विटांची इमारत होती आणि तिच्यात तारघर. व्हाइट हाउसमध्ये तारेची सोय नव्हती, म्हणून अब्राहम लिंकन दिवसातून दोन-तीनदा बाग ओलांडून इथे यायचा आणि आलेल्या तारांची चळत वरपासून खालपर्यंत वाचून काढायचा. त्या इमारतीचं आता काहीच उरलेलं नाही. तरी लिंकनचे हुकूम समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी, असं आमचं मत.

इथून जाणाऱ्या तारांची सांकेतिक पद्धत मजेशीर होती. मजकूर चौकटीत आडव्या ओळींनी लिहायचा, एकेका रकान्यात एकेक शब्द. मग रकाने उभे वाचून पाठवायचे, एक खालून वर, दुसरा वरून खाली. रकान्याच्या टोकाला निरर्थक शब्द चिकटवायचे. माणसं, गावं, वेळा यांना परवलीचे शब्द होते आणि तारेचा पहिलाच शब्द चौकट केवढी व वाट कुठली हे सांगायचा. अक्षरांची अदलाबदल केली की तारेवर एखादं अक्षर चुकलं तरी सगळा संदेश बिघडतो. इथे शब्द अख्खेच राहत असल्याने तारमास्तर चूक झटकन ओळखायचे.

हुकूम पोचायचे, पण पाळले जायचेच असं नाही. २७ जानेवारी १८६२ चा 'सर्वसाधारण युद्ध हुकूम क्रमांक १' बघा. २२ फेब्रुवारीला सर्व भूदलं आणि आरमार एकदम हलतील, असं त्यात फर्मावलं होतं. पोटोमॅकच्या सैन्यापासून मेक्सिकोच्या आखातातल्या जहाजांपर्यंत सगळ्यांना एकच तारीख, आणि ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाची. रस्ते, चिखल, रसद यांचा विचार शून्य. आमच्या मते त्याच्या हुकुमांतला हा सर्वांत कच्चा. पश्चिमेला उत्तरेचा सेनापती ग्रँट याने दक्षिणेचे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे किल्ले त्या तारखेआधीच घेतले होते, आणि पोटोमॅकच्या सैन्याचा सेनापती मॅक्लेलन २२ तारखेला जागचा हलला नाही. महिनाअखेरीस त्याने हार्पर्स फेरीला कालव्यातल्या होड्या आणून पूल बांधायचं ठरवलं, तर होड्या नदीत सोडायच्या दरवाजापेक्षा काही इंचांनी रुंद निघाल्या. आधी कुणी माप घेतलंच नव्हतं.

त्यानंतर लिंकनची भाषा बदलत गेली. ऑक्टोबर १८६२ मध्ये मॅक्लेलनने घोडे थकल्याचं कारण कळवलं. उलट तारेत लिंकनने विचारलं, की अँटिटमच्या लढाईनंतर तुमच्या घोड्यांनी असं काय केलंय ज्याने कुणी थकावं, एवढं विचारल्याबद्दल माफ कराल का? ५ नोव्हेंबरला बडतर्फीचा हुकूम निघाला.

इथून नॅशनल आर्काइव्हजला चालत जाता येतं, प्रवेश फुकट. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची मूळ प्रत इथलीच, पण ती फार नाजूक आहे आणि अनेक वर्षं ती वर्षातून मोजकेच दिवस बाहेर काढत. तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळ बघाच. पाच पानं, आणि ती बांधणाऱ्या तांबड्या-निळ्या फितीचा बराच भाग अजून शाबूत. मजकूर वाचून निराश होणारे पुष्कळ असतात, कारण ती दस्तलेखकाची भाषा आहे. बंड केलेल्या दहा राज्यांची यादी, लुइझियानातले १३ परगणे वगळून, पुढे वेस्ट व्हर्जिनिया झालेल्या ४८ काउंट्या वगळून. टेनेसीचं नावच नाही. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर इथले गुलामही यात बसत नाहीत. ही राज्यं बंडात नव्हती आणि शांततेच्या प्रदेशात मालकी हिरावण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. लिंकनने सही केली ती सरसेनापती या नात्याने, 'युद्धासाठी आवश्यक उपाय' म्हणून. कोर्टात टिकायचं तर वाट तेवढीच होती. मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याचं कलम त्यातच आहे. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक भरती झाले.

सहीची तारीख १ जानेवारी १८६३. सकाळी आलेल्या प्रतीत समारोपाचा मजकूर परराष्ट्र करारांत वापरतात तसा पडला होता. लिंकनच्या ते लक्षात आलं, प्रत परत गेली आणि सही दुपारी झाली. स्वतःच्या हाताने लिहिलेला अंतिम मसुदा त्याने शिकागोच्या मदतनिधीला दिला; तो १८७१ च्या आगीत जळाला. या मुक्तीची दखल पुण्यातही घेतली गेली होती. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच.

आर्काइव्हज स्टेशनवरून हिरव्या लाइनने जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यू–पेटवर्थला उतरायचं आणि साधारण वीस मिनिटं चालायचं. सोल्जर्स होम या जुन्या सैनिकांच्या निवासाच्या टेकडीवर लिंकनची उन्हाळी कॉटेज आहे. १८६२ ते १८६४ चे उन्हाळे तो इथे राहिला, घोड्यावरून तीनेक मैल ये-जा करत. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर सोडतात, त्यामुळे तिकीट आधी काढा. खोल्या जवळपास रिकाम्या आहेत, लिहायच्या मेजाची प्रतिकृती तेवढी आहे. जाहीरनाम्यावर तो काम करत होता तो १८६२ चा उन्हाळा इथलाच. २२ जुलै १८६२ ला मंत्र्यांसमोर मसुदा वाचला तेव्हा परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाला, विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हा हताशपणा वाटेल. ऑगस्टमध्ये वृत्तपत्र-संपादक ग्रीलीला पाठवलेल्या जाहीर पत्रात लिंकन लिहितो, की एकही गुलाम न सोडवता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन. हे वाक्य सुटं काढून त्याच्यावर मारणारे एक विसरतात, मसुदा तेव्हा तयार होता. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या लढाईत हवा होता तो विजय मिळाला आणि २२ ला प्राथमिक जाहीरनामा निघाला.

जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यूनेच बसने उत्तरेला गेलं की फोर्ट स्टीव्हन्स, राजधानीच्या रक्षणासाठी बांधलेला किल्ला. मातीचा बंधारा, दोन-चार तोफा, भोवती घरं. जुलै १८६४ मध्ये लिंकन इथल्या कठड्यावर उभा राहून लढाई बघत होता आणि जवळचा लष्करी डॉक्टर गोळी लागून जखमी झाला. ती जागा दगडाने दाखवली आहे. अर्धा तास पुरतो.

लिंकन मेमोरियलला संध्याकाळी जा आणि पुतळ्यापेक्षा भिंती वाचा. उत्तरेच्या भिंतीवर दुसऱ्या शपथविधीचं भाषण आहे, ४ मार्च १८६५ चं, जेमतेम ७०० शब्दांचं. त्यातल्या 'फ्यूचर' शब्दाचं पहिलं अक्षर आधी चुकून 'ई' कोरलं गेलं. खालची आडवी रेघ नंतर बुजवली, पण बारकाईने बघितलं की अजून दिसते.

जुलै १८६३ च्या मोठ्या लढाईच्या गेटिसबर्गला जायला गाडी हवी. अंतर सुमारे १३० किलोमीटर, वेळ दीड-दोन तास. तिथे जाताना १४ जुलै १८६३ चं, ती लढाई जिंकलेल्या उत्तरेच्या सेनापती मीडला लिंकनने लिहिलेलं पत्र आधी वाचून घ्या. दक्षिणेचा सेनापती ली याला निसटू दिल्याबद्दलचा राग त्यात काठोकाठ भरलाय. पाकिटावर लिंकनच्याच हातची नोंद आहे, कधी पाठवलं नाही, सही केली नाही. लढाई जिंकलेला सेनापती अशा पत्राने हातचा गेला असता, हे त्याला कळत होतं.

१९ नोव्हेंबर १८६३ ला लिंकनने गेटिसबर्गला केलेल्या भाषणाच्या त्याच्या हातच्या पाच प्रती आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. 'देवाच्या छत्राखाली' हे शब्द पहिल्या दोन प्रतींत नाहीत, पण त्या दिवशीच्या बातमीदारांच्या टिपणांत आहेत; म्हणजे ते बोलताना आले असावेत. सगळे फोटो काढतात ते भाषणाचं स्मारक खऱ्या जागी नाही. व्यासपीठ तिथून सुमारे ३०० यार्डांवर होतं, राष्ट्रीय दफनभूमी आणि शेजारची एव्हरग्रीन यांच्यामधल्या लोखंडी कुंपणापाशी, बहुधा एव्हरग्रीनच्या बाजूला. त्यामुळे एव्हरग्रीनच्या फाटकातून आत शिरा आणि कुंपणाच्या कडेने चाला.