पांढरीतलं पेव

आमच्या देवळी तालुक्यात घराचं काम काढायचं ते दिवाळीनंतर. सोयाबीन निघून हाती थोडा पैसा आलेला असतो, जमिनीतला चिखल सरलेला असतो आणि उन्हाळ्यासारखी ती दगड झालेली नसते. मजूर मात्र मिळत नाहीत, कारण सगळा गाव कापूस वेचायला वावरात असतो.

गेल्या हिवाळ्यात गावठाणाच्या काठावरची एक जागा घर बांधायच्या कामासाठी माझ्याकडे आली. समोरचा भाग पडक्या घराची जुनी पांढरी, म्हणजे गावठाणातली पांढुरकी माती, मागचा भाग काळ्या मातीचा. जागेचे मालक काकाजी, त्यांना धास्ती काळीची. "साहेब, आमच्या पहिल्या घराले काळीनंच खाल्लं," ते म्हणाले. त्या घराच्या भिंतीतल्या भेगेत माझा पंजा सहज गेला. काळी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अर्धं घर तिच्यावर नि अर्धं पांढरीवर उभं राहिलं, तर अर्धंच घर हलतं आणि भिंत मधोमध फाटते. म्हणून मागच्या बाजूला मुरूम लागेपर्यंत खोदायचं ठरलं. तो ५ फुटांवर लागला. मुरूम हाती येत नाही तिथं तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर खोल न्यावे लागतात, कारण एवढ्या खोलीवर ओल वर्षभर फारशी बदलत नाही. तो खर्च वाचला म्हणून काकाजी खूश.

पांढरीचा कोपरा टणक, तिथं २ फुटांवर थांबू, असं मिस्त्रीचं म्हणणं. पण कॉलम घ्यायचा तिथं आधी खड्डा घेऊन पाहायचाच, हा माझा आग्रह असतो. सब्बल मारली आणि आवाज पोकळ आला. माती ओढली तर खाली दगडाची चीप. ती सरकवली, तर जेमतेम एक माणूस जाईल एवढं तोंड, आत मिट्ट अंधार आणि आंबूस, कुबट वास. आमच्यातला एक पोरगा गुप्तधनाच्या आशेनं कडेला बसून आत पाय सोडू लागला.

तेवढ्यात शेजारच्या आजी कुंपणापलीकडून ओरडल्या, "उतरू नोको रे बापू! पेव हाये थे! माणूस मरते त्यात!"

मी त्याचा दंड धरून त्याला मागे खेचलं. मग कंदील दोरीला बांधून आत सोडला. पुरुषभर खाली गेला नाही तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. बंद पेवात उरलंसुरलं धान्य, कडबा कुजत राहतो. त्यात हवेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. उतरलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच पडतो. ज्योत जळत राहिली असती तरी मी कुणाला उतरू दिलं नसतं.

आजी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यात ज्वारी भरलेली होती म्हणे. पुढे घर पडलं, तोंड मातीखाली गेलं, घरची माणसं विसरली.

दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावून वरूनच तोंड रुंद केलं. माठासारखं पोट उघडं पडलं. भिंतीच्या शेणमातीच्या लिंपणाला काळा पडलेला कडबा अजून चिकटून होता. निघालेल्या मातीनंच ते बुजवा, असं काकाजींचा मुलगा म्हणत होता. मी नाही म्हटलं. सैल माती पावसात बसत जाते, वरची फरशी खचते. तळापासून मुरूम टाकला, वीतभर थर, पाणी, ठोकायला धुम्मस, मग पुढचा थर. तरीही त्यावर कॉलम ठेवायला माझं मन घेईना. सगळी आखणी ४ फूट पूर्वेला सरकवली आणि चुन्याच्या फक्कीच्या रेषा नव्यानं मारल्या.

भूमिपूजन झालेला कोपरा बदलतो म्हणून काकूंना वाईट वाटलं. पूजा पुन्हा केली. नारळ आजींच्या हातून फोडला.

पायाचं काँक्रीट पडलं तेव्हा थंडी कडाक्याची होती. थंडीत सिमेंट सावकाश धरतं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवंच, ओल दिसते म्हणून एक दिवसही चुकवायचं नाही, असं मी काकाजींना बजावून आलो.