शेवटचा वाटा

आदल्या संध्याकाळी अंदाज आला: पहाटे पारा शून्याखाली. दुसऱ्या दिवशी सभासदांना भाजीचं हंगामातलं शेवटचं वाटप, आणि उशिरा लावलेल्या टोमॅटोच्या दोन ओळी अजून हिरव्यागार. डोक्याला बॅटऱ्या बांधून आम्ही तिघं वाफ्यात उतरलो. रात्री दहापर्यंत नऊ क्रेट हिरवे टोमॅटो निघाले. गाजरांना हात लावला नाही. थंडीत गाजर उलट गोड होतं, गारठू दे हवं तेवढं.

सकाळी बेसिलची ओळ काळी पडली होती, पानं उकडल्यासारखी लोंबत होती. पानातलं पाणी गोठलं की पेशी फुटतात आणि ऊन लागलं की नुसता लगदा होतो. भोपळ्याचे वेलही गेले, पण भोपळे आधीच दोन बोटं देठ ठेवून कापले होते आणि उबेत सुकायला ठेवले होते. देठ मोडला की तिथूनच सड लागते, हे पहिल्या वर्षी पन्नासेक भोपळे फेकून शिकले.

आमच्या शेताचे ४२ सभासद. पैसे हंगामाआधीच भरतात आणि दर आठवड्याला आपला वाटा नेतात. पिकलं तर सगळ्यांचं, बुडालं तरी सगळ्यांचंच. जपानात ही पद्धत १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने रुजली, अमेरिकेत पहिली दोन शेतं १९८६ साली सुरू झाली. करपा रोगाच्या वर्षी सभासदांना तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यांनाही पडला असणारच. यंदा आमची टोमॅटोची मुख्य लागवड करप्याने आठ दिवसांत खाल्ली. आधी पानांवर पाणचट डाग, मग खोडं तपकिरी, शेवटी आम्ही सगळं उपटून शेताबाहेर नेलं. तेव्हापासून वाटपाच्या दिवशी मी उगाच मागच्या बाजूला काहीतरी काम काढायचे.

शेवटच्या दिवशी ते जमलं नाही, कारण एक आजी थेट माझ्याकडेच आल्या. पहिल्या वर्षापासूनच्या सभासद. पिशवीतून त्यांनी लहान वही काढली, तारीखवार लिहिलेली. दर आठवड्याला काय मिळालं, किती मिळालं, सगळं.

“टोमॅटो मागच्या वर्षी नऊ आठवडे. यंदा तीन.”

“हो आजी, करपा...”

“करप्याचं कळलं गं. बीट बघ.” त्यांनी बोट ठेवलं. “अकरा आठवडे! घरात बीटचं नाव काढलं की नातू ताटावरून उठतो.”

मला हसू आलं आणि लगेच खजीलही वाटलं. कारण ते खरंच होतं. टोमॅटोची खोट भरून काढायला मी प्रत्येक पेटीत बीट कोंबत गेले होते. वजन भरलं की वाटा भरला, असा माझा हिशोब. त्यांचा हिशोब वेगळा होता, आणि खरं सांगायचं तर शेतात आमच्याकडे एवढी नीट नोंद कुणीच ठेवलेली नव्हती. मी वहीचे फोटो काढून घेतले.

“पुढच्या वर्षी आहात ना?” मी विचारलं.

“बघते. घरात बोलून सांगते.” हिरवे टोमॅटो मात्र त्यांनी दोन वाटे घेतले. एका टोपलीत पिकलेल्या केळ्याशेजारी झाकून ठेवा, फ्रिजमध्ये नको, एवढं मी सांगितलं. ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

दुपारी पेट्या धुऊन झाल्या. ठिबकच्या नळ्यांतलं पाणी काढून त्या गुंडाळायच्या होत्या, तेवढ्यात दोन जोडांना चिरा गेलेल्या दिसल्या. रात्री टोमॅटोमागे धावताना नळ्यांतलं पाणी काढून टाकायचं राहिलं आणि ते गोठलं होतं. कुणी कुणाला बोललं नाही, तिघंही विसरलो होतो.

उरला लसूण. जमीन कडक व्हायच्या आत टोक वर धरून एकेक पाकळी बोटाच्या दोन पेरांएवढी खाली खोचायची, वर पेंढ्याचं आच्छादन. तो निघेल पुढच्या हंगामात. किती सभासद राहतील कुणास ठाऊक, म्हणून ४२ वाट्यांचाच धरला. दोन वाफे झाले आणि अंधार पडला. बॅटऱ्या आदल्या रात्रीच संपल्या होत्या.