स्वतःच्या डीव्हीआरपासून सुरुवात

बेळगावच्या शहापुरात माझं सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं दुकान आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, खडेबाजारातली कापडाची दुकानं, खानापूर रोडवरची फार्महाऊसं, सगळीकडे आम्ही कॅमेरे बसवतो. या धंद्याबरोबरच मी हॅकिंग शिकतो आहे, आणि आसपास ते आता ठाऊक झालं आहे. त्यामुळे दुकानात कॅमेऱ्यांशी संबंध नसलेली माणसंही येतात. कुणाला एका मुलीचं इन्स्टा उघडून हवं असतं. एक चांगले शिकलेले गृहस्थ खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "बायकोचं व्हॉट्सॲप बघायचं होतं, पैशाचं काय ते बोला." मी त्यांना चहा पाजला आणि हे काम मी करत नाही, कुणीच करू नये, एवढं सांगून परत पाठवलं.

आणि मग येतात खरोखर शिकायला आलेली पोरं. येळ्ळूर, मच्छे, कंग्राळी, कधी थेट निपाणीहून. डिप्लोमाला नाहीतर बीसीएला असतात, मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डोकं भरलेलं असतं. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. कारण सुरुवातीला काय शिकावं हे सांगणारे पुष्कळ आहेत, पण शिकताना मन कुठे ठेवावं हे कुणी सांगत नाही.

मी त्यांना पहिला प्रश्न एकच विचारतो. तुला आत काय आहे ते बघायचं आहे, की ते उघडतं कसं ते बघायचं आहे? पोरं गोंधळतात, आणि मला त्यांचा गोंधळ आवडतो, कारण त्यांनी तोवर तसा विचार केलेला नसतो. ज्याला आतलं बघायचं आहे, त्याचं लक्ष माणसावर आहे: कुणाचे फोटो, कुणाचे मेसेज, कुणाचे मार्क. ज्याला उघडण्याची रीत कळून घ्यायची आहे, त्याला दुसऱ्याच्या मशीनची गरजच पडत नाही. तोच राउटर, तीच चूक, तोच प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या टेबलावर मिळतो. शिकण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या अकाउंटकडे बोट दाखवणाऱ्या पोराला मी तेव्हाच थांबवतो.

माझ्या टेबलावर एक जुना डीव्हीआर आहे, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवून ठेवणारं यंत्र. गिऱ्हाइकाने नवा घेतला, जुना मी विकत घेतला, हार्ड डिस्क त्यांच्यासमोर काढून त्यांच्याच हातात दिली. नवीन पोराचा पहिला धडा त्याच्यावर. डीव्हीआर आणि लॅपटॉप एका वेगळ्या नेटवर्क स्विचला (यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) लावायचा, इंटरनेटची वायर काढून ठेवायची, आणि एनमॅप चालवायचं, म्हणजे यंत्राचे कुठले दरवाजे उघडे आहेत ते शोधणारं टूल. गॉर्डन लायन यांनी १९९७ साली हे टूल लोकांपुढे ठेवलं, आणि आजही या विद्येची सुरुवात बहुतेक जण त्याच्यापासून करतात. नेटवर्कवरचं बोलणं ज्या टीसीपी नियमांनी चालतं, त्यात एका यंत्राला ६५,५३५ पोर्ट, म्हणजे नंबर दिलेले दरवाजे, असतात. एनमॅप त्यांतल्या आपण सांगू त्या पोर्टांकडे जोडणीची मागणी पाठवतं आणि कोण काय उत्तर देतं ते टिपून ठेवतं. त्या डीव्हीआरवर वेब पेजसाठी ८० नंबर उघडा मिळतो, कॅमेऱ्याच्या चित्रासाठी ५५४, आणि २३ नंबरही. २३ म्हणजे टेलनेट, दुरून यंत्रात शिरून हुकूम द्यायची जुनी सोय. "दादा, हे कशाला उघडं ठेवलंय ह्यांनी?" असं पोरगं विचारतं, आणि तिथून मी त्याला मिराईची गोष्ट सांगतो.

२०१६ साली आलेला मिराई नावाचा मालवेअर (यंत्रात घुसणारा घातक प्रोग्रॅम) आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवा, कारण तो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर यांच्यावरच पोसला गेला. त्याची रीत अगदी साधी होती. इंटरनेटवरचा कुठलाही पत्ता घ्यायचा, टेलनेट उघडं आहे का बघायचं, असेल तर कारखान्यातून येतानाच लावलेली साठच्या वर युजरनेम-पासवर्डची यादी त्याच्यावर चालवायची. ॲडमिन आणि ॲडमिन. रूट आणि १२३४५६. एवढ्यावर जगभरातली लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन या कंपनीवर मागण्यांचा मारा केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं हे त्या कंपनीचं काम होतं. ती कोलमडली तशी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट कितीतरी तास नीट उघडेनात.

मिराई लिहिणारे तिघे होते: पारस झा, जोसाया व्हाइट, डाल्टन नॉर्मन. विशीच्या आसपासची पोरं. सगळं सुरू झालं माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातून. दुसऱ्याचा सर्व्हर पाडला की त्याची गिऱ्हाइकं आपल्याकडे येतात. पुढे त्यांनी मिराईचा कोड सगळ्यांसाठी खुला टाकून दिला, आणि डाइनवरचा हल्ला त्यानंतर इतरांच्या हातून झाला. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. २०१८ मध्ये त्यांना पाच वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं) आणि २,५०० तास समाजसेवा अशी शिक्षा झाली. तपासात एफबीआयला मदत केली म्हणून तुरुंग टळला. पारस झा न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात शिकत होता आणि त्याने आपल्याच विद्यापीठाचं नेटवर्क पुन्हा पुन्हा पाडलं होतं. त्या वेगळ्या खटल्यात त्याच्यावर ८६ लाख डॉलरची भरपाई बसली.

मी ही गोष्ट भीती घालायला सांगत नाही. मला त्या पोरांच्या बुद्धीचं खरंच वाईट वाटतं. उघडण्याची रीत जाणून घ्यायची भूक त्यांच्याकडे भरपूर होती. मात्र स्क्रीनवर दिसणारा आयपी पत्ता त्यांना नुसता आकडा वाटला. त्या आकड्याच्या टोकाला कुणाचं तरी किराणा दुकान होतं, कुणाच्या तरी घराचा व्हरांडा होता. मी ते दुकान ओळखतो. माझ्यासारख्याच कुणीतरी तो डीव्हीआर बसवला असेल आणि पासवर्ड न बदलता बिल घेऊन निघून गेला असेल. म्हणून आमच्याकडे काम संपल्यावर पासवर्ड गिऱ्हाइकाने स्वतः टाकायचा, तेव्हा आम्ही पाठ फिरवून उभं राहायचं, आणि आमच्या मोबाइलमधून त्यांच्या कॅमेऱ्यांची जोडणी तिथेच काढून टाकायची, असा नियम आहे. हिंदवाडीतल्या एक आजी म्हणाल्या होत्या, "तूच घाल रे बाबा, मला काय कळतंय त्यातलं." तरी त्यांनाच घालायला लावला. वेळ लागला, लागू दे.

घरी शिकायची सोय फार पैशाची नाही. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्स टाकायचा, त्याने एका लॅपटॉपच्या पोटात दुसरी मशीनं चालतात. त्यात एक काली लिनक्स, म्हणजे हॅकिंगची टूल्स घेऊनच येणारी सिस्टीम, आणि एक मेटास्प्लॉयटेबल. हे दुसरं मशीन मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलं आहे, फोडायलाच दिलेलं आहे. त्याचं नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या आत, ठेवायचं, घरच्या वायफायला ते कधीही जोडायचं नाही, नाहीतर ती भोकं बाहेरच्यांनाही मिळतील. आपल्याकडे गावोगावी तालमी आहेत, तुम्ही बघितलंय: पैलवान डाव शिकतो तो मातीत उतरलेल्या जोडीदारावर, रस्त्याने चाललेल्या माणसावर नाही. मेटास्प्लॉयटेबल हा मातीत उतरलेला जोडीदार.

लिनक्सवर हातपाय हलायला लागावेत म्हणून मी पोरांना ओव्हर द वायर या वेबसाइटवरच्या बँडिट या खेळावर बसवतो. फुकट आहे, आणि चालवणाऱ्यांची परवानगी आहे. प्रत्येक पायरीवर पुढचा पासवर्ड कुठेतरी ठेवलेला असतो. अगदी सुरुवातीच्या एका पायरीवर ज्या फाइलमध्ये पासवर्ड आहे तिचं नावच नुसती एक आडवी रेघ. फाइल उघडून दाखवणाऱ्या कॅट कमांडला ती रेघ दिली की तिला वाटतं, हा कीबोर्डवरून काहीतरी टाइप करणार आहे. ती वाट बघत बसते, आणि पोरगंही तिच्याकडे बघत बसतं. उत्तर मी सांगत नाही, इथेही लिहीत नाही. बनवणाऱ्यांची तशी विनंती आहे आणि ती पाळायची. मॅन्युअल वाच, एवढंच म्हणतो. येळ्ळूरचा एक पोरगा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, वडील फाउंड्रीत मोल्डर, त्या पायरीवर अडला तो संध्याकाळ संपेपर्यंत उठला नाही. इंग्रजी मॅन्युअल एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता. सुटल्यावर त्याने मला आधी काय सांगितलं असेल तर कमांड आतून असं का वागते ते. पासवर्ड मिळाल्याचं नंतर. हा पोरगा शिकणार हे मला तेव्हाच कळलं.

कायदाही वाचायला हवा, आणि स्वतः वाचायला हवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं ४३ वं कलम फार मोठं नाही. त्यातली सगळी कृत्यं, शिरणं, डेटा उतरवून घेणं, व्हायरस सोडणं, यंत्र बंद पाडणं, एका अटीला बांधलेली आहेत: मालकाच्या किंवा ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय. पासवर्ड सोपा होता की अवघड, याला तिथे महत्त्व नाही. नुसतं शिरलात तरी भरपाईचा दावा लागू शकतो. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीसाठी केलं तर ६६ वं कलम, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हिडिओत जो माणूस "फक्त शिकण्यासाठी" असं वर लिहून खाली लोकांची अकाउंट उघडून दाखवतो, त्याच्या त्या ओळीने तुम्ही वाचणार नाही. आणि तो जे टूल डाउनलोड करायला सांगतो, त्यात पुष्कळदा तुमच्याच मशीनसाठी मालवेअर असतो.

परवानगीत राहून मोठं काम होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी आनंद प्रकाश यांचं उदाहरण देतो. २०१६ साली बेंगळुरात असताना त्यांना फेसबुकची एक चूक सापडली. पासवर्ड विसरला की फेसबुक सहा आकडी कोड पाठवतं, म्हणजे दहा लाख शक्यता. मुख्य साइटवर दहा-बारा चुकीचे कोड टाकले की ती अडवायची. बीटा नावाच्या तिच्या दुसऱ्या पत्त्यावर मात्र ती मर्यादाच नव्हती. सगळे कोड चालवून बघता येत होते. कुणाचंही अकाउंट हातात येण्याजोगी चूक. त्यांनी ती तपासली स्वतःच्या अकाउंटवर, कारण दुसऱ्याला धक्का लावायचा नाही हा फेसबुकच्याच नियमावलीतला नियम होता. कळवलं, दुरुस्त झालं, १५,००० डॉलर बक्षीस मिळालं. चूक सापडल्यापासून कळवण्यापर्यंत एकाही परक्या माणसाचं काही उघडं पडलं नाही. मला यातली सगळ्यात अवघड गोष्ट ती वाटते.

आता त्याच येळ्ळूरच्या पोराची हकिगत. तो एका कॉलेजात शिकतो. स्वतःचा निकाल बघत असताना त्याला पत्त्याच्या पट्टीत आपला सीट नंबर दिसला. शेवटचा आकडा बदलला तर पुढच्याचा निकाल उघडेल, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. त्याने बदलला नाही. दुकानात येऊन विचारलं, "दादा, बदलून बघू काय?"

मी नको म्हणालो. त्याने वाद घातला, आणि चांगला घातला. "खरं दादा, बघितल्याशिवाय पुरावा कुठला? नुसतं सांगितलं तर हाकलून देतील की. दोस्ताचा नंबर घालतो, तो हो म्हणतोय." मी त्याला म्हटलं, दोस्ताचा हो त्याच्या मार्कांपुरता आहे. सर्व्हर कॉलेजचा आहे, आणि फेसबुकसारखं "या, तपासा" असं कॉलेजने कुठे लिहिलेलं नाही. आपल्याला शंका आहे ना, शंकाच कळवू. रात्री बसून आम्ही एक पानाचं पत्र लिहिलं: काय दिसलं, काय होण्याची शक्यता वाटते, आपण काय केलेलं नाही, आणि दुरुस्ती कुठे हवी. लॉगिन केलेला विद्यार्थी आणि मागितलेला नंबर यांचा मेळ सर्व्हरने घालून बघायला हवा, ही ती दुरुस्ती.

ऑफिसात पहिलं वाक्य ऐकायला मिळालं ते, "तुला हे करायला कुणी सांगितलं?" पोरगं घाबरलं. मलाही राग आला, अजून येतो. समोर प्रामाणिकपणे उभ्या राहिलेल्या पोराला असं बोललं, तर पुढचा पोरगा काही सापडलं तरी गप्प राहील, नाहीतर ते दुसरीकडे नेऊन विकेल. मात्र "आपण काय केलेलं नाही" हा परिच्छेद तिथे उपयोगी पडला. कॉम्प्युटरच्या सरांनी पत्र नीट वाचलं, स्वतः आकडा बदलून बघितला, आणि त्यांच्या समोरच दुसऱ्याचा निकाल उघडला. पुढे ते बंद झालं. ऑफिसने ऐकलंच नसतं तर तेच पत्र सर्ट-इनकडे पाठवायचं असं आम्ही ठरवून ठेवलं होतं. देशभरातल्या अशा चुका कळवून घ्यायला केंद्र सरकारची ती संस्था आहे.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी दुपारनंतर दुकानात या. मराठी, कन्नड, कुठल्याही भाषेत बोला, फी नाही. लॅपटॉप आणा, घरी जुना राउटर पडला असेल तर तोही आणा. घरच्यांना विचारून आणा. आणि कुणाच्या फोनमधले मेसेज कुणी बाहेर पाडलेत, त्यावरून धमक्या येताहेत, पैसे गेलेत, असं काही घडलं असेल तर रविवारची वाट बघू नका. सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा किंवा इथल्या सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणाऱ्या, पोलीस ठाण्यात जा. एकटं जायला धीर होत नसेल तर मी बरोबर येतो.