स्मरणिकेची पाने लावताना : माझा अनुभव

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाची ६४ पानी स्मरणिका काढायचे ठरले आणि पूर्वी कधीही पान लावलेले नसताना मांडणीची जबाबदारी मी घेतली. आकार डेमी, म्हणजे सुमारे साडेपाच इंच बाय साडेआठ इंच, आणि १६ पानांचे चार फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेले पानांचे संच), एवढे छापखान्यात पक्के झाले होते; बाकीचे सारे मला ठरवायचे होते.

पहिल्या मसुद्यात कागद वाया जाऊ नये म्हणून मी समास अगदी अरुंद ठेवले होते, प्रत्येक लेखाला चौकट घातली होती आणि प्रत्येक मथळ्याला वेगळा फॉन्ट दिला होता. छापखान्यात पूर्वी खिळे जुळवणाऱ्या जुन्या जुळाऱ्यांनी ते पान लांब धरून डोळे किलकिले करून पाहायला सांगितले आणि विचारले, "आधी काय दिसतंय?" मला चौकटींच्या काळ्या रेघा दिसल्या, लेखाचे नाव दिसले नाही. चौकटी तिथेच गेल्या. मथळा २४ पॉइंट (अक्षराच्या आकाराचे माप), उपमथळा १४ आणि मजकूर १२ अशी उतरंड ठरवली. मथळ्यांना मुक्ता आणि मजकुराला तिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, असे दोनच फॉन्ट ठेवले.

खरी अडचण ओळींमधल्या अंतराची होती. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार असतात, तर खाली उकार आणि ऋकार उतरतात; १२ पॉइंटच्या मजकुराला मी १४ पॉइंटची ओळ दिली होती, त्यामुळे एका ठिकाणी वरच्या ओळीतल्या 'कृ'चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'र्थी'च्या रफाराला जवळजवळ टेकला होता. १८ पॉइंट केल्यावर डोळा सहज पुढच्या ओळीवर जाऊ लागला. पाने वाढली, म्हणून दोन लेख संक्षिप्त करावे लागले, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

डेमीच्या पानावर दोन स्तंभ करण्याचा हट्टही सोडावा लागला. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्याने 'वाचनालयासाठीसुद्धा' यासारखा शब्द अरुंद स्तंभात मावत नाही. तो पुढच्या ओळीत गेला, की दोन्ही कडा सरळ राखलेल्या आधीच्या ओळीत शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात. एकच रुंद स्तंभ केल्यावर हा दोष जवळपास नाहीसा झाला.

छायाचित्रांच्या पानावर मात्र चूक माझ्या नजरेतून निसटली होती. वरच्या छायाचित्राची ओळख सांगणारी ओळ दोन छायाचित्रांच्या बरोबर मधोमध टाकल्यामुळे मुद्रितशोधन करणाऱ्या काकूंनी ती खालच्या छायाचित्राची समजून वाचली, आणि एका दिवंगत देणगीदाराचे नाव भलत्याच चेहऱ्याला लागले. ओळ वरच्या छायाचित्रापासून तीन मिलिमीटरवर आणली आणि तिच्याखाली दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडली. तेवढ्याने कोणती ओळ कोणाची, हे बाण किंवा रेघ न घालता कळू लागले.

शेवटी देणगीदारांची यादी राहिली होती. तिथे नावे डाव्या कडेला आणि रकमा उजव्या कडेला लावल्या, म्हणजे एककाखाली एकक येईल, आणि दर पाच नावांनंतर अर्धी ओळ रिकामी ठेवली. प्रकाशनाच्या दिवशी एक आजोबा त्या पानावर बोट फिरवत आले आणि चष्मा न लावता आपल्या वडिलांच्या नावापाशी थांबले.